पानावरचा हात

परवा एका लग्नात जुन्या पद्धतीची पंगत होती, म्हणून मी हौसेनं बसले. जिलबीचं ताट घेऊन वाढपी मुलगा आला तसा मी पानावर आडवा हात धरला. मला आता गोड चालत नाही. वडिलांचं घर भावांकडे गेलं, त्यांचा आजार तेवढा माझ्या वाट्याला आला. मुलगा शहाणा होता. "बरं आजी," म्हणून पुढच्या पानाकडे वळला. शेजारणीनं विचारलं, "डोळ्यांत पाणी का हो?" मी म्हटलं, मिरची लागली. खरं म्हणजे मला तोताराम जिभाऊ आठवले होते. पानावर नुसता हात ठेवून त्यांच्या पंगतीतून कुणी सुटला, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आमचे हे तेव्हा तळोदा-शहादा रस्त्याच्या एका गावी मराठी शाळेत मास्तर होते. मी धुळ्याची, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, लग्न होऊन तिथे गेले. गावात सगळे अहिराणी बोलत आणि मला 'मास्तरीनबाई' म्हणत. आमच्या भिंतीला भिंत लागून जिभाऊंचं घर. जिभाऊ म्हणजे थोरला भाऊ, आणि ते साऱ्या गावाचेच थोरले भाऊ होते. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना जिभाऊच म्हणत. उंच, रुंद खांद्यांचे, पोट धोतराच्या पुढे चाललेलं. किराणा मालाचं दुकान होतं, थोडा ऊस होता, घरात दुभतं होतं. दुकानात माणूस शिरला की तो काय मागतो याच्याआधी ते त्याचं तोंड पाहत आणि विचारत, "जेवना का?" समोरच्यानं 'हो' म्हटलं तरी गुळाचा खडा हातावर ठेवत. एवढ्यानं धंदा बुडायला हवा होता, पण तो चालला. लोकांना त्या खड्याची सवय झाली होती.

गावात कुणाकडे लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, वाढायला जिभाऊ. त्यांना बोलवावं लागत नसे. धोतर खोचून, खांद्यावर पंचा टाकून ते पंगतीच्या तोंडाशी उभे राहिले की जेवणारे एकमेकांकडे पाहून हसत आणि करगोटा सैल करत. वरण-बट्टी, त्यावर तुपाची धार, मग सांजोऱ्या किंवा बुंदी. "पाहुना भुक्या ऊठना तं मन्हं घर बठनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घर दुसऱ्याचं असलं तरी पंगतीपुरतं ते त्यांचंच होई.

आमच्या ह्यांना त्यांनी पहिल्यांदा वाढलं तो प्रसंग मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून पाहिला. ह्यांची भूक चिमणीची. दुसऱ्या बट्टीला ह्यांनी पानावर हात धरला. जिभाऊ तुपाचं भांडं घेऊन तिथेच थांबले. ओरडा नाही, आर्जव नाही. नुसते उभे. बाकीची रांग खोळंबली, माणसं हसायला लागली, कुणी म्हणालं, "मास्तर, हात काढी ल्या, नहीतं सांज व्हई." शेवटी ह्यांनीच हसून हात काढला. जिभाऊंनी बट्टी ठेवली, तूप सोडलं आणि गंभीरपणे पुढे गेले. घरी येऊन हे ओवा चावत पालथे पडले होते. मला फार राग आला. प्रेमाचा हा कसला जुलूम, असं मी मोठी मायजवळ, म्हणजे जिभाऊंच्या बायकोजवळ, बोलूनसुद्धा दाखवलं. ती नुसती म्हणाली, "तेस्ले ते दखावस नही, माय." त्यांना ते बघवत नाही. काय बघवत नाही, ते तिनं सांगितलं नाही.

ते मला पुढे कळलं. मला दिवस राहिले होते आणि अन्नाच्या वासानं मला उमासे येत. मोठी मायनं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सांजोऱ्या आणून दिल्या. मी ताटावर हात धरला. जिभाऊ मागे ओट्यावर बसले होते. ते उठून आत आले, माझ्या हाताकडे पाहत राहिले आणि कधी नव्हे ते खाली बसले.

"छपन्नना साल दुस्काळ पडना," ते म्हणाले. "मी पाच-सहा वरीसना व्हतू. धाकली बहीन व्हती, ती पहिलेच गयी. घरमा एक भाकर व्हये. माय मन्हा परळमा टाके आनि तिन्हा परळवर हात ठेवे. 'माले भूक नही,' म्हने. 'तू खाय.' मी खाई लेऊ. रोज तिन्हा हात, रोज मी खाई लेऊ. मंग एक दिन माय उठनीच नही."

मी हात कधीच काढला होता. जिभाऊ पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "तवयपाशीन माले पानवरना हात खरा वाटस नही, मास्तरीनबाई. हात ठेवनारा मानूस खोटं बोलस."

त्या दिवशी मी सांजोरी खाल्ली आणि ओकले. पण त्यानंतर मी त्यांच्या आग्रहाला कधी जुलूम म्हटलं नाही. संवत छपन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशेच्या सुमाराच्या, दुष्काळात पाच वर्षांचं असलेलं पोट मोठ्या माणसात तसंच राहतं की काय, असं मला वाटे. मिळेल ते साठवायचं एवढंच ते शिकलेलं. पुढं घरात दूध-तूप वाहायला लागलं तरी त्या पोटाला कुणी सांगितलं नाही की दुष्काळ संपला.

ते पोट तरुणपणी दिसत नव्हतं म्हणे. तेव्हा जिभाऊ पाठाळ बैलांवर मीठ लादून मोलगीच्या बाजाराला जात. बैल मीठ वाहत आणि जिभाऊ पायी. घाट चढून जायचं, मीठ द्यायचं, चारोळी, डिंक, मोहाची फुलं घेऊन उतरायचं, वाटेत नदीच्या पाण्यावर कोरडी भाकर. "बैल थके, पन ह्या थकेत नही," मोठी माय सांगे. मग दुकान झालं, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाड्या जायला लागल्या, थोरला मुलगा गाडी हाकू लागला आणि जिभाऊ गादीवर बसले. शेजारच्या गावाला जायचं तरी धमणी जुंपत. पायी जाणं कमीपणाचं झालं होतं. गावात ज्यानं चार पैसे केले त्यानं पायी चालू नये, असा संकेतच होता.

त्यांचा डोंगरातला एक जुना सोबती होता, वेस्ता पावरा. होळीच्या आधी काठी गावच्या होळीसाठी घुंगरं, रंग, गूळ घ्यायला तो खाली येई. एका वर्षी तो दुकानाच्या पायरीशी उभा राहून बराच वेळ जिभाऊंकडे पाहत राहिला. मी तेल घ्यायला गेले होते. वेस्ता मोडक्या अहिराणीत म्हणाला, "जिभाऊ, पहिले तू चाले. आते बठी गया."

"बठी गऊ रे," जिभाऊ हसले. "बैलले बी म्हतारपनी दावन मिळस."

"दावनले बठेल बैल ऊठस नही," वेस्ता म्हणाला आणि गुळाची ढेप खांद्यावर टाकून निघाला.

वेस्ताचं शरीर दोरीसारखं होतं, आणि मला त्याचं कौतुक वाटलं हे खरं. पण ते कौतुक मी पुढे आवरलं. पावसाळ्यात त्याच्या घरी कंद उकडून दिवस काढत, आणि तो पुढच्याच पावसाळ्यात तापानं गेला. उपाशी माणसाच्या काटकपणाची वाहवा पोटभर जेवलेल्यांनी करू नये. जिभाऊंनी त्याच्या घरी ज्वारीचं पोतं पाठवलं होतं. ते पोचलं तेव्हा उशीर झाला होता. जिभाऊ दिवसभर दुकान बंद करून बसले.

त्याच सुमारास मोठी माय एका दुपारी आमच्या मागच्या दारानं आली. घाबरलेली होती. "मास्तरीनबाई, येस्ना पेशाबवर मुंग्या लागतस. कोनी करनी करी व्हई का?"

आमच्या धुळ्याच्या मोरीत मी लहानपणापासून त्या मुंग्या पाहिल्या होत्या. मी तिला विचारत गेले. तहान? घागर पुरत नाही. भूक? जेवून उठले की पुन्हा भूक. अंग उतरतंय? हो, पोट तसंच, पण हातपाय वाळले. तळपायाला मुंग्या? "तळपायले आग, नहीतं काईच कळस नही." मी तिला करणीचं सगळं बाजूला ठेवायला सांगितलं. माझे वडील याच आजारानं गेले, हेही सांगितलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण तोंडातून गेलं.

हे त्यांना घेऊन तापी ओलांडून नंदुरबारच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. गूळ, साखर, भात, रस, तळण बंद. रोज चालायचं. पाय जपायचे, काटा लागला तरी दाखवायला यायचं. मुंबईहून सुया मागवता येतात, पण त्या रोज टोचाव्या लागतील आणि फार जपाव्या लागतील. जिभाऊंनी एकच प्रश्न विचारला, हा रोग पोरांना लागतो का? डॉक्टर म्हणाले, रक्तात उतरू शकतो. त्या उत्तरानं सगळं बिघडलं, असं मला अजून वाटतं. डॉक्टरांनी खोटं सांगायला हवं होतं, असं मात्र मी म्हणत नाही.

घरी आल्यावर जिभाऊंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांची धाकटी सरू तेव्हा लग्नाची झाली होती. काळीसावळी, हसरी, वाढण्यात बापाची पोर. लहान असताना ती बाहुल्यांची पंगत मांडी आणि बाहुलीचा हात पानावर ठेवून वर ती स्वतःच रागवे, "हात काढ, खोटं बोलू नको." जिभाऊ म्हणाले, "हाई गोट ह्या भितीबाहेर जावाले नको. मन्ही सरूनं लगीन व्हई जाऊ द्या. मंग गावमा डफ वाजाडी सांगसू."

"सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं.

"जिन्हा बाप रोगी, ती आंडेर कोन लेई?"

आंडेर म्हणजे मुलगी. मी म्हटलं, "जिभाऊ, तुम्ही राहिलात तर तिला माहेर राहील."

"माहेर बी पाहिजे," ते शांतपणे म्हणाले. "पन पहिले सासर तं मिळू द्या."

माझं स्वतःचं लग्न वडिलांचा आजार लपवूनच झालं होतं.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष जिभाऊंनी जे केलं, ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. घरात ते अगदी काटेकोर झाले. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकर, मेथी, वांगं, ताक. मोठी मायला मी वडिलांच्या वेळचं जे आठवेल ते सांगे आणि ती ते मान खाली घालून करी. पहाटे जिभाऊ डोंगराच्या बाजूला चालायला निघत. कुणी विचारलं तर उसाला पाणी पाहायला चाललो म्हणत. त्या दिशेला त्यांचा ऊसच नव्हता. पण विचारणारे तेवढा विचार करत नाहीत. त्यांची तहान कमी झाली, चेहरा उजळला. मुंग्या दिसेनाशा झाल्या तेव्हा मोठी मायनं देवापुढे नारळ फोडला आणि खोबरं आमच्याकडे पाठवलं.

प्रश्न पंगतीचा होता. आमंत्रण टाळावं तर लोक कारण विचारणार. जाऊन बसावं तर ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं खाऊ घातलं ते सगळे उट्टं काढायला टपलेले. जिभाऊंनी त्यावर तोड काढली ती त्यांनाच सुचावी. ते बसतच नसत. वाढणारा सगळ्यांत शेवटी जेवतो, आणि शेवटी कोण जेवलं हे कुणी पाहत नाही. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत ते उभे राहत आणि मग घाईचं निमित्त करून घरी येत. घरी मोठी माय भाकर झाकून बसलेली असे. गाव म्हणे, जिभाऊंचा आग्रह म्हातारपणी वाढला. खरंच वाढला होता. जे त्यांच्या तोंडात जाणार नव्हतं ते सारं ते दुसऱ्यांच्या पानांत वाढत होते. बुंदीचं ताट छातीशी धरून, घाम पुसत ते रांगेतून जात तेव्हा मला त्यांच्याकडे पाहवत नसे. भूक त्यांच्या डोळ्यांत उभी असे.

मग कळसाडीच्या रावजी पाटलांच्या मुलाचं स्थळ आलं. घर चांगलं, कापूस-उसाचं, मुलगा सातवी पास. सरू त्यांना पसंत पडली. आता मुलीकडच्यांनी घर पाहायला जायचं होतं. आखाजी चार दिवसांवर, आंबा उतरलेला, म्हणजे जेवण मांड्यांचं आणि रसाचं होणार हे उघड होतं. खानदेशात व्याह्याला खापरावरचे मांडे वाढतात. उलट्या खापरावर भाजलेली, पुरणानं भरलेली, हात-दीड हात रुंद पोळी ती. होणाऱ्या व्याह्याचं मांड्याचं पान नाकारणं म्हणजे सोयरीक नाकारणं. आणि मुलीचा बाप तिथे वाढायला उभा राहू शकत नाही. त्याला पाटावर बसावंच लागतं.

आमचे हे सोबत गेले होते. त्यांनी येऊन सांगितलं ते असं. रावजी पाटील स्वतः वाढायला उठले. एकदा आमच्या गावच्या लग्नात जिभाऊंनी त्यांना मनसोक्त वाढलं होतं, ते त्यांच्या ध्यानात होतं. व्याह्याला तिकडे 'याही' म्हणतात. ते म्हणाले, "याही, तवय तुम्ही माले पानवरथून उठू दिधं नही. आज मन्ही पाळी शे." माणसं हसली. पहिला मांडा जिभाऊंनी खाल्ला. दुसरा आला तेव्हा ह्यांना राहवलं नाही, हे म्हणाले, "पाटील, जिभाऊंना रस बाधतो, जरा बेतानं." जिभाऊंनी पानाआडून ह्यांचा गुडघा घट्ट दाबला आणि मोठ्यानं हसून म्हणाले, "मास्तरना नका ऐका. वाढा." पाटील वाढत राहिले, जिभाऊ खात राहिले. एकदा त्यांचा हात पानाकडे जायला उठला आणि वाटेतच वळून मिशीवर गेला, असं हे म्हणाले. परतताना जिभाऊ गावाच्या शिवेवर धमणीतून उतरले आणि म्हणाले, "तुम्ही जा. मी चालत येस." अंधार पडायच्या आत ते घरी आले, तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलं होतं.

सोयरीक झाली. मग सुपारी फोडायचं जेवण, मग हळद, मग लग्न. प्रत्येक ठिकाणी पाट आणि प्रत्येक ठिकाणी पान. शिवाय लग्नात रावजी पाटलांनी फेट्याबरोबर नवा चामडी जोडा दिला, करकर वाजणारा. व्याह्याच्या मानाचा जोडा आणि त्याच्याच समोर काढून ठेवणार कसा? जिभाऊ दोन दिवस तो घालून वावरले. तो चावत होता हे त्यांना कळलं नाही, कारण त्यांच्या पायांना तोवर काहीच कळत नव्हतं. सरूला सासरी वाटे लावताना ते गाडीमागे बरेच लांब चालत गेले. परत आल्यावर मोठी मायनं जोडा उतरवला तेव्हा आत रक्त होतं.

ती जखम भरली नाही. हळद झाली, कडुलिंब झाला, कुणी सांगितलेला मलम झाला. अंगठा काळा पडला तेव्हा ह्यांनी त्यांना जवळजवळ उचलून सर्व्हिस मोटारीत घातलं आणि धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांचा पाय गुडघ्याखालून कापला. पाय गेला, जिभाऊ वाचले. गावात डफ वाजवायची गरज राहिली नाही. सगळ्यांना सगळं कळलं.

आता भीती होती ती कळसाडीची. सरूला परत पाठवतील का, ही एकच चिंता मोठी मायला होती. नवऱ्याच्या पायासाठी रडायलाही तिला सवड नव्हती. जिभाऊ घरी आल्यावर काही दिवसांनी रावजी पाटील आले. मी आणि मोठी माय माजघरात चुलीशी होतो. चहा उकळून उकळून काळा झाला तरी आम्ही तो उतरवला नाही. बाहेर पाटील खाटेशेजारी बसले होते.

"माले का बरं सांगं नही, याही?"

"सांगतू, तं सरूले लेतात का तुम्ही?"

मोठी मायनं माझं मनगट धरलं.

"नही लेतू," पाटील म्हणाले. "खोटं कसाले बोलू? नही लेतू."

मग पुन्हा पाटलांचाच आवाज आला. "आते ती मन्हा घरनी शे. तिले कोनी काई म्हनी, तं मी शे. ती चिंता सोडा. पन याही, तुम्हना पानमा मी वाढं. मन्हा हातथून वाढं."

"तुम्हनी चूक नही," जिभाऊ म्हणाले. "मी हात ठेवा नही."

मोठी माय तेव्हा रडली. पदर तोंडात कोंबून रडली. मी चहा गाळून बाहेर दिला. एका कपात साखर नव्हती, आणि तो कुणाचा हे या वेळी कुणाला लपवायचं नव्हतं.

त्यानंतर जिभाऊ कुठल्या पंगतीत दिसले नाहीत. कुबडी घेऊन ओट्यापासून निंबापर्यंत जात आणि परत येत, सकाळ-संध्याकाळ. दुकानात गुळाचा खडा देणं त्यांनी थांबवलं नाही, पण आता आधी विचारत, "चालस ना तुले?" मोठी माणसं त्यावर ओशाळत. मुलं मात्र हात पुढे करत आणि तो खडा देताना त्यांचा चेहरा पहिल्यासारखा होई. सुया त्यांनी कधी घेतल्या नाहीत. मी आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "आते आग्रह नको, मास्तरीनबाई. मी भलता आग्रह करी लिधा." मला त्यांचा फार राग आला आणि फार वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच.

आमची बदली साक्रीकडे झाली. आम्ही गाव सोडलं त्या पावसाळ्यातच जिभाऊ गेले. गावचा एक माणूस बाजारात भेटला, त्याच्याकडून कळलं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या आखाजीला. गाव सोडण्यापूर्वी मोठी मायनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. सरू माहेरी आली होती, पोटुशी होती, आणि तिला पोचवायला रावजी पाटीलही आले होते. ओसरीवर पुरुषांची पाच-सहा पानं मांडली. जिभाऊ पाटावर बसू शकत नसत, म्हणून त्यांना भिंतीशी बाजेवर बसवून समोर चौरंगावर पान ठेवलं. शेजारच्या पानावर पाटील. मी उंबऱ्यात उभी होते, जिथून मी त्या घरातली प्रत्येक पंगत पाहिली होती.

सरू मांड्यांची परात घेऊन आली. पाटलांना वाढलं. मग ती बापासमोर आली. जिभाऊंच्या पानात मांडा वाढायचा नाही हे तिला ठाऊक होतं, पण सण होता, माहेरचा होता आणि ती त्यांचीच पोर होती. तिनं मांड्याचा चतकोर तोडला आणि पुढे केला.

जिभाऊंनी पानावर हात ठेवला.

त्या घरात असा हात ओलांडून वाढणारं कुणी कधी पुढे गेलं नव्हतं. सरू थांबली. बापानं शिकवलं होतं तशीच, न बोलता, परात कमरेला लावून उभी राहिली. सरूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आबा," ती हळूच म्हणाली, "भूक नही का?"

जिभाऊंनी मान वर केली. मला वाटलं, आता ते 'भूक नही' म्हणतील. त्यांच्या आईनं म्हटलं होतं तेच म्हणतील.

"भूक शे, आंडेर," ते म्हणाले. "पन नको."

सरूला पुढे सरकवेना. तेव्हा शेजारून रावजी पाटील म्हणाले, "पुढे चाल, माय. तेस्ना हात खरा शे."

ती पुढे गेली. शेवटच्या पानापर्यंत जाऊन तिनं परात खाली ठेवली, तोवर जिभाऊंचा हात पानावर होता. मग त्यांनी तो उचलला, मोठी मायनं आणलेली कळण्याची भाकर घेतली आणि तिचा पहिला तुकडा मोडला.